भूमिपूजनाचा फोटो सगळ्यांकडे आहे, शेवटच्या बिलाची तारीख कोणाकडे आहे?

मनमाड-इंदूर रेल्वेवरून आपल्याकडे धुळे, नरडाणा, शिरपूर या पट्ट्यात जेवढे फटाके फुटलेत तेवढे दुसऱ्या कुठल्या कामावर क्वचितच फुटले असतील. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधान धुळ्यात आले तेव्हा धुळे-नरडाणा मार्गाचं भूमिपूजन झालं, लोकसभा तोंडावर होती, पेढे वाटले गेले. मग २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर अख्ख्या मार्गाला मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी रुपये, २०२८-२९ पर्यंत पूर्ण करू असं सांगितलं, तेव्हा विधानसभा तोंडावर होती, परत पेढे. दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या आणि ही रेल्वे व्हायलाच पाहिजे यात वादच नाही, आमच्या दोन पिढ्या तिची वाट बघताहेत. पण या दोन्ही वेळच्या पेढ्यांच्या मधल्या साडेपाच वर्षांत जमीन किती ताब्यात आली, कुठे अडलं, कोणाच्या टेबलावर अडलं, हे सांगणारा एक बॅनर, एक पोस्ट, एक भाषण माझ्या बघण्यात-ऐकण्यात आलं नाही. सत्तेतल्यांनी सांगितलं नाही ते समजू शकतो, पण विरोधातल्यांनीसुद्धा नेटाने विचारलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि हे फक्त रेल्वेचं नाही. गिरणा नदीवरचे सात बलून बंधारे, म्हणजे फुगणाऱ्या रबरी फुग्याचे बंधारे, घ्या, अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण घ्या, तापीचं पाणी जमिनीत मुरवायची मेगा रिचार्ज योजना घ्या जिचा मध्य प्रदेशसोबतचा करार शेवटी १० मे २०२५ ला भोपाळला झाला. ही नावं आम्ही शाळेत होतो तेव्हापासून भाषणात ऐकतोय, प्रत्येक निवडणुकीला नव्याने ऐकतोय, वक्ते बदलले, पक्ष बदलले, कधी कधी तर तोच माणूस वेगळ्या पक्षाचा गमछा घालून तेच भाषण करून गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडचा सगळा राजकीय प्रचार कामाच्या सुरुवातीला गर्दी करतो आणि जबाबदारी असते ती कामाच्या शेवटी, तिथे कॅमेरा घेऊन कोणीच जात नाही. नेता जात नाही, पत्रकार जात नाही आणि खरं सांगायचं तर आपण पण जात नाही.

ज्यांनी पंचायत समितीच्या नाहीतर झेडपीच्या बांधकाम विभागात चकरा मारल्यात त्यांना पुढचं माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. गावात साधा काँक्रीट रस्ता करायचा असेल, समजा २५१५ चं काम आहे, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या त्या लेखाशीर्षातून पैसे येणार आहेत, तर आधी आमदारांचं पत्र जातं. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग काम, मग ज्युनिअर इंजिनिअर मोजमाप पुस्तकात म्हणजे एमबीत नोंदी करतो, मग बिल, आणि त्यानंतर दोषदायित्व कालावधी, ज्यात रस्ता फुटला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. आता बॅनर कुठे कुठे लागतो बघा. पत्र दिलं की एक पोस्ट, प्रशासकीय मान्यता आली की 'यांच्या अथक पाठपुराव्याने इतक्या कोटींचा निधी मंजूर', नंतर भूमिपूजन, कुदळ हातात आणि मागे चाळीस जण, आणि रस्ता झालाच तर लोकार्पण. एकाच रस्त्याचं श्रेय चार वेळा घेऊन होतं आणि एमबी, बिल, दोषदायित्व, ज्या ठिकाणी पैसा खरोखर जातो आणि काम खरोखर मोजलं जातं, तिथे सगळं शांत.

यातली सगळ्यात फसवी पायरी प्रशासकीय मान्यतेची आहे. मान्यता म्हणजे सरकार म्हणालं की हे काम करायला हरकत नाही, पैसे आले असा त्याचा अर्थ होत नाही. बजेटमध्ये त्या कामाला तरतूद किती ठेवली हे वेगळं बघावं लागतं आणि कितीतरी वेळा अंदाजपत्रक कोटीत असतं आणि तरतूद नावाला टोकन असते, बाकी पुढच्या वर्षी बघू. मान्यता भरमसाट द्यायच्या, तरतूद कमी ठेवायची, याचा परिणाम काय होतो ते २०२५ मध्ये राज्यभर दिसलं, थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारच रस्त्यावर उतरले होते. ठेकेदाराला बिल मिळत नाही म्हणून तो काम अर्धवट टाकतो, गावकरी ठेकेदाराला शिव्या देतात आणि ज्याने मंजुरीचा बॅनर लावला होता त्याला कोणी काही विचारत नाही, कारण त्याने सांगितलेली गोष्ट कागदावर खरीच होती, मंजुरी मिळाली होती. म्हणून नेते खोटं बोलतात असं सरसकट म्हणून भागत नाही, बरेचसे नेते खरंच बोलतात, फक्त अर्धंच बोलतात आणि उरलेलं अर्धं विचारायचं काम ज्यांचं होतं ते कुठे आहेत हा प्रश्न आहे.

ते कुठे आहेत हे मला थोडं जवळून माहीत आहे. कृषी सेवा केंद्र टाकायच्या आधी मी काही वर्षं एका पेपरचा तालुका प्रतिनिधी होतो. तालुका प्रतिनिधीला पगार असतो असा लोकांचा गैरसमज आहे. बातमीचं मानधन म्हणाल तर मोटरसायकलचं पेट्रोल निघायचं नाही, घर चालायचं ते जाहिरातीच्या कमिशनवर आणि तालुक्यात मोठ्या जाहिराती दोनच वेळा मिळतात, दिवाळीला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला. वाढदिवसाच्या आठ-दहा दिवस आधीपासून हातात यादी घेऊन फिरायचं, सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक, सरपंच, ठेकेदार, पेट्रोल पंपवाले, प्रत्येकाकडून पाव पान नाहीतर अर्धं पान, 'शुभेच्छुक' म्हणून नाव कोणाचं वर कोणाचं खाली यावरून फोनवर फोन, फोटो कोणाचा मोठा यावरून रुसवे. ज्या ठेकेदाराने आठवड्यापूर्वी अर्धं पान दिलं त्याच्याच रस्त्याची खडी निघाली अशी बातमी तुम्ही पाठवाल का? आणि पाठवली तरी डेस्कवर ती राहील का? यात पत्रकार वाईट आहेत असं मला म्हणायचंच नाही, माझ्यासोबतची कितीतरी पोरं जीव तोडून काम करणारी होती, पण ज्याच्या वाढदिवसावर घरचा किराणा भरायचा त्यालाच प्रश्न विचारायचा हे माणसाला किती दिवस झेपेल. तेव्हा प्रेसनोट टाईप करून तयार यायची, हेडिंगसकट, आम्ही फक्त पुढे पाठवायचो. आता तर पेपरची पण गरज उरली नाही.

आता प्रत्येक आमदाराकडे, खासदाराकडे, नगराध्यक्षाच्या इच्छुकाकडे सुद्धा सोशल मीडिया सांभाळणारी दोन-तीन पोरं असतात. गिंबल म्हणजे मोबाईल न हलता धरायची दांडी घेतलेला एक पुढे उलटा चालत असतो, एक फोटो काढतो, एक गाडीत बसून तिथल्या तिथे रील कापतो, मागे गाणं, स्लो मोशनमध्ये गाडीतून उतरणं, म्हातारीच्या पाया पडणं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवणं. पोरं हुशार आहेत, मेहनती आहेत, त्यांचं काम ती चांगलं करतात, आपल्याकडे नोकऱ्या कुठे आहेत. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या शिवारात नाला फुटून कपाशी वाहून गेली तेव्हा पाहणी दौरा झाला, गुडघाभर चिखलात एक बाई उभी होती, तिचं पीक गेलेलं, कॅमेरावाले तिला म्हणाले मावशी जरा इकडे या, उजेड समोरून पाहिजे. ती म्हणाली, "फोटो मंग काढा भाऊ, आगोदर पंचनामा कव्हय व्हई ते सांगा." रीलमध्ये ती बाई आहे, हात जोडून उभी असलेली, तिचा प्रश्न रीलमध्ये नाही. मला तो प्रश्न त्या पूर्ण दौऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून इथे लिहून ठेवतोय.

खर्चाचं पण एक बघा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख खर्चाची मर्यादा आहे, ही २०२२ ची मर्यादा. पण लोकप्रतिनिधित्व कायद्यात हा हिशोब धरला जातो तो अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतचा. म्हणजे पाच वर्षं रोज चालणारी रील, वाढदिवसाचे फ्लेक्स, क्रिकेटच्या स्पर्धा, देवदर्शनाच्या बसा, हे सगळं त्या ४० लाखांत कुठेच येत नाही. जो माणूस हा पाच वर्षांचा खर्च करू शकत नाही तो अर्ज भरायच्या आधीच हरलेला असतो, मग भले तो कितीही कामाचा असो. आणि पाच वर्षं हा खर्च कोण करतंय, ठेकेदार करतोय का, त्याच्या बदल्यात त्याला काय मिळतंय, हे विचारायची कायद्यात सोय नाही. ती असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सरकारी जाहिरातींबद्दल निदान कोर्टाने काहीतरी केलं होतं. १३ मे २०१५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी पैशाच्या जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कोणाचे फोटो नकोत, मग राज्यं परत कोर्टात गेली आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांना सूट मिळाली. एवढं झाल्यावर मूळ निकालात राहिलं काय हा प्रश्नच आहे. आणि चौकातला फ्लेक्स सरकारी नसल्यामुळे तो त्यात बसतच नाही, त्याला १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा लागतो, तीन महिने कैद किंवा दोन हजार दंड. बेकायदा होर्डिंगवर हायकोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिला, नगरपालिकांना कामाला लावलं, तरी १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं मेली. ते व्यापारी होर्डिंग होतं हे मान्य, पण वादळ सुटलं की आपल्या बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सखाली उभं राहताना मला तरी भीती वाटते.

आता आपल्याबद्दल बोलतो, कारण हे सगळं चालतं ते आपल्या जिवावर. आपल्या खान्देशात लोकप्रतिनिधी चांगला की वाईट याचं माप काय आहे? लग्नाला आला का, मयतीनंतरच्या गंधमुक्तीला आला का, दारावर बसून गेला का. लग्नसराईत तर पुढारी आल्याशिवाय माईक सुटत नाही, हळद लागलेली पोरगी उन्हात ताटकळत बसते आणि स्टेजवर आशीर्वादाची भाषणं चालू असतात. मी हे तुच्छतेने म्हणत नाहीये, माझे वडील गेले तेव्हा एक माजी आमदार गर्दी नसताना, कोणी सोबत नसताना येऊन अर्धा तास बसून गेले होते, ते मी विसरू शकत नाही आणि विसरणार पण नाही. माणूस सुखदुःखात आला पाहिजे हे आपल्या मातीतलंच आहे. पण विधानसभेत बसायला ज्याला पाठवलं त्याने तिथे काय विचारलं हे आपल्यापैकी किती जणांनी कधी उघडून पाहिलंय? लोकसभेच्या साईटवर प्रत्येक खासदाराचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत, विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या याद्या पण मिळतात. मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो, हे धरून चालायचं. बाकीच्यांचं बघा. केळीच्या फळपीक विम्याबद्दल रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी किती मोर्चे काढलेत, त्यावर आपल्या माणसाने सभागृहात काय विचारलं, मंत्र्याने काय उत्तर दिलं, त्या उत्तराचं पुढे काय झालं, हे वाचायला अर्धा तास लागतो.

त्यात मध्ये आपल्याकडे अजून एक वाईट झालं. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं निवडणूकच नाही, प्रशासक. सुप्रीम कोर्टाला ६ मे २०२५ ला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. एवढ्या काळात झेडपी सदस्य नाही, पंचायत समिती सदस्य नाही, म्हणजे रस्त्याच्या खड्ड्यापासून शाळेच्या पत्र्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी लोक आमदाराच्या बंगल्यावर, आणि प्रत्येक गोष्टीचं श्रेय पण तिथेच. ज्या सभेत गावाचा माणूस उठून अधिकाऱ्याला जाब विचारायचा ती सभाच बंद होती आणि त्या दिवसांत त्याबद्दल कोणी फारसं रागावलेलं मला दिसलं नाही.

आता आमच्या गावात काय झालं ते सांगतो. मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंतचा काँक्रीट रस्ता. भूमिपूजनाला ढोल होते, फोटो अजून फेसबुकवर आहेत. वर्षभरात मधोमध तडा गेला आणि शाळेजवळ सळईएवढी भेग पडली. रस्त्याच्या कडेला माहिती फलक होता, त्यावर कामाचं नाव, योजना, रक्कम होती, पण ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्व कालावधी या दोन ओळी कोऱ्या. दुकानावर बसणारी कॉलेजची दोन पोरं म्हणाली काका आपण बघू. आपल्या राज्यात एक चांगली सोय आहे, सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हास्तरावरच्या ऑफिसात आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये जाऊन साधा नागरिक फाईल बघू शकतो, त्याला माहिती अधिकाराचा अर्ज पण लागत नाही. पोरं गेली. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, मग फाईल सापडत नाही, मग सापडली. एमबीचं पान मी फोटोत पाहिलं, छापील नंबरचं पान, लांबी, रुंदी, जाडी असे रकाने, निळ्या पेनाने आकडे आणि खाली दोन सह्या. गटारीच्या बाजूने रस्त्याची कड उघडी आहे तिथे आम्ही टेप लावला, जाडी एमबीतल्यापेक्षा कमी भरली. पण आम्ही त्यावरून भांडण केलं नाही. फाईलमध्ये दोषदायित्वाची तारीख मिळाली होती आणि ती संपायला वेळ होता, तेवढ्यावर ग्रामपंचायतीचं पत्र गेलं, पत्राला ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडली. ठेकेदाराची माणसं आली, शाळेजवळचा तुकडा फोडून परत ओतून गेली. त्या तुकड्यावरून आता पोरं सायकली नेतात. त्याचा बॅनर कोणी लावला नाही आणि लावायची गरजही नव्हती. जाडीचा विषय आम्ही सोडलेला नाही, त्याचा अर्ज वेगळा आहे.

मला लोकप्रतिनिधींकडून काय पाहिजे ते पण स्पष्ट सांगतो, कारण नुसती तक्रार करून उपयोग नाही. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात, खासदाराला पण ५ कोटी. कामं ते सुचवतात, मान्यता जिल्हा प्रशासन देतं, म्हणजे पूर्ण यादी जिल्हा नियोजन ऑफिसात तयार असते. तुमच्याकडे रील बनवणारी पोरं आहेतच. वर्षातून एकदा, वाढदिवसालाच टाका हवं तर, एक साधा तक्ता टाका, गावाचं नाव, काम, मान्यतेची तारीख, कार्यारंभ आदेशाची तारीख, आतापर्यंत दिलेलं बिल आणि काम कुठे थांबलंय. जे अडलंय ते पण टाका. लोक समजून घेतात हो. अडलंय म्हणून सांगणाऱ्या माणसावर आपल्याकडचा शेतकरी चिडत नाही, तो स्वतः रोज अडलेलाच असतो. तो चिडतो ते दुष्काळातसुद्धा हसरा फोटो बघून.

आणि तक्ता येईपर्यंत आपण काय करायचं, तर अर्ज. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा पाहिजे, म्हणून एका अर्जात एकच काम घ्या, गावातल्या सगळ्या कामांची माहिती द्या असं लिहिलं की अर्ज हमखास अडकतो. विचारायचं एवढंच, या कामाच्या प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत, एमबीच्या पानांच्या प्रती, दिलेल्या बिलांची रक्कम आणि तारखा, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. 'का' विचारू नका, का झालं नाही याचं उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कागद द्यायला बांधील असतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. आमच्या गावातून पुढचा अर्ज जलजीवनच्या टाकीचा जातोय, टाकी उभी आहे, रंग दिलाय, नळ दारापर्यंत आलेत, पाणी अजून टँकरचं आहे, आणि आम्हाला शेवटच्या बिलाची तारीख बघायची आहे.